ओली चादर

"मावशी, ही चादर इथे कुणी बांधली?"

एर्मेलिंडा हात पुसत अंगणात आली. हवा मोजणाऱ्या सरकारी पेटीभोवती तिन्ही बाजूंनी ओली चादर ताणलेली होती आणि खालची फरशी नुकतीच धुतलेली होती. समोर यास्ना उभी होती, पेटीतला कागद बदलायला आलेली नवी मुलगी. तिची ही पहिलीच फेरी.

"कुणी म्हणजे? मीच," एर्मेलिंडा म्हणाली. "सकाळी एक, धूर उतरला की वरून दुसरी. चार वर्षांत एक दिवस चुकवला नाही. तुझ्याआधी निबाल्दो यायचा ना, तो म्हणायचा, अख्ख्या किनाऱ्यावर इतका पांढरा कागद दुसरीकडे कुठे निघत नाही!"

"त्याने चादर पाहिली नाही?"

"पाहिली की. चहा-पाव खायचा, कागद बदलायचा अन् जायचा. माझ्या चादरींना नावं ठेवायला तोंड तर हवं!"

यास्नाने पेटी उघडून आतला गोल कागद चिमट्याने बाहेर काढला आणि उजेडात धरला. तीन दिवसांची हवा त्यातून गेली होती. कडेला जराशी राखाडी झाक, बाकी कोरा. कुंपणापलीकडे तांब्याच्या भट्टीचं आणि कोळशाच्या वीजघराचं, अशी दोन्ही धुराडी भकाभका ओकत होती.

"मावशी, पेटीला का बांधलीत पण?"

हा काय प्रश्न झाला, असं एर्मेलिंडाला वाटलं. ला गरुमा गावात धूर उतरला की घरोघरी खिडक्यांना ओल्या चादरी लागतात. हे इथे शिकवावं लागत नाही.

"जरा कान दे," ती म्हणाली. पेटी घुर्र घुर्र करत हवा आत ओढत होती. "दिवसरात्र अशीच धापा टाकते बिचारी. आमची मायलेन झोपेत अगदी अशीच करते. तिच्या खिडकीला चादर बांधते, मग हिने काय घोडं मारलंय?"

आतून मायलेनचा खोकला आला. आठ वर्षांची नात. कोरडा, एकामागून एक येणारा खोकला. एर्मेलिंडा खोकला थांबेपर्यंत दाराकडे बघत राहिली.

यास्नाने कागद पाकिटात घातला, पण पाकीट काही बंद करेना. "मावशी, महिनाअखेरीला सुनावणी आहे. भट्टीच्या धुराड्याला नवी गाळणी लावायची की नाही, ते या कागदांवरून ठरणार. कंपनीचा वकील हेच पांढरे कागद नाचवतो. म्हणतो, हवा उत्तम आहे, पोरं खोकतात ती घरातल्या ओलीनं."

एर्मेलिंडाचा चेहरा उतरला. मागच्या सभेत ती बाकावर उभी राहून कंपनीवाल्यांवर ओरडली होती, 'चोरांनो, कागद बदलता तुम्ही!' सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. चोर तिच्याच दोरीवर रोज पिळून वाळत पडला होता.

ती फरशीवर फेऱ्या मारू लागली. नळापर्यंत जायची, परत यायची. पदरचं पाणी घालून तिने भट्टीची अब्रू राखली होती, आणि आत पोर खोकत होती.

"तू हे लिहिणार?"

"लिहायला हवं. पण लिहिलं की चार वर्षांचे आकडे बाद. कंपनी म्हणेल, गाववाल्यांनीच गडबड केली. लोक तुम्हाला बोलतील."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर हवा उत्तमच आहे."

"सुनावणीला दिवस किती राहिले?"

"अठरा. म्हणजे सहा कागद."

"मग लिही. एर्मेलिंडा विसेन्सिओ, पूर्ण नाव घाल. 'गावातली एक बाई' असलं मोघम नको."

एवढ्यात भिंतीपलीकडून शेजारणीची हाक आली. "एर्मेलिंडा, उतरतोय गं! चादरी!"

वारा फिरला होता. गल्लीभर खिडक्या धडाधड बंद झाल्या, बादल्या वाजल्या. घशाला तो ओळखीचा कडवटपणा लागला. एर्मेलिंडाचे पाय आपोआप नळाकडे वळले आणि हात तोटीवर गेला. तो तिथून काढायला तिला बराच वेळ लागला.

मग तिने पेटीभोवतीच्या चादरीचे चिमटे एकेक करून काढले. चादर तशीच ओली कवेत घेऊन ती आत गेली आणि मायलेनच्या खिडकीवर आधीच्या चादरीवर दुसरी म्हणून बांधली.

"आजी, ही पेटीची आहे," मायलेन म्हणाली.

"आता तुझी. पड गप."

ती पुन्हा बाहेर आली. पेटी उघडीवाघडी उभी होती. फरशी वाळत चालली होती आणि तिच्यावर बारीक करडी भुकटी बसू लागली होती. चार वर्षांत ही भुकटी एर्मेलिंडाने घटकाभरही टिकू दिली नव्हती. तिने स्टूल ओढलं, तोंडाला रुमाल लावला आणि पेटीशेजारी बसली.

"मावशी, आत चला. डोळे लाल झालेत तुमचे."

"तू जा."

यास्ना गेली नाही. नवा कागद बसवून तिने पेटीचं दार लावलं आणि तीही तोंडावर बाही धरून उभी राहिली. पेटीची घुरघुर चालूच होती. एर्मेलिंडाच्या बोटांना चैन नव्हती. बोटं मांडीवरून उठायची, चादर शोधायची, परत एकमेकांत अडकायची. शेवटी तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि पेटीकडे तोंड वळवलं.

"खोक," ती म्हणाली. "खोक आता, बये."