अफूची डबी

नाटे गावच्या किनाऱ्यावर होडी डागडुजीला ओढलेली होती, म्हणून मोरू आज पहिल्यांदाच तान्ह्याला घेऊन घरी राहिला. मासळी विकून गोदू परतली तेव्हा तो ऐटीत पाळण्याची दोरी ओढत होता. "बघ गो, दिवसभर रडलाच नाय." गोदूची चोळी पान्ह्याने भिजली होती. तिने बाळाला उचलून छातीशी धरलं. त्याने तोंड उघडलं नाही. तळपायाला चिमटा काढला, तरी पाय लोंबतच राहिला. कोनाड्यातली अफूची डबी उघडी होती. "तुमी त्याची रोजची निजवायची गोळी चाटवलीत?" "जरा कुरकुरला, म्हणून. आज मी घरी, तू दिली नसशील वाटलं." "अवो, तुमाला तरास नको म्हणून मी देऊनच गेले होते!" मोरूने बाळाच्या नाकाशी बोट धरलं. एक श्वास बोटाला लागला. पुढचा लागेना. दुसऱ्या हाताने तो दोरी ओढतच होता. "रिकामा पाळणा हलवू नका!" ती किंचाळली.