मिसरीचं बोट

रेशमाच्या शेडच्या दारात कुशाबाई उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात लेकापुढं धरले. बाहेर वैशाखाचं ऊन भाजून काढत होतं. आत रेशमाच्या अळ्यांना बारामतीहून आणलेले दोन कूलर, खिडक्यांना ओली गोणपाटं. तळहाताच्या फोडासारखं जपत होता मानसिंग त्यांना. आई शेजारच्या पत्र्याच्या खोलीत उकडून निघत होती.

"सोमवारपास्नं मिसरीला शिवले न्हाय बघ. राखेनं हात घासलं, लिंबू चोळलं. आता तरी घटकाभर आत बसू दे."

तंबाखूचा वारा लागला तरी अळ्या मरतात, आणि मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की. मिसरी सोड आन् खुशाल येऊन बस, असं मानसिंगच म्हणाला होता. जन्माची सवय. डोकं ठणकलं तरी म्हातारीनं सोडली.

किती वर्षांनी त्यानं आईचा हात हातात घेतला. नाकाशी नेला, हुंगला आणि सोडून दिला.

"बोटात मुरलीया, आये. न्हाय जमायचं."

"आरं, जीव घाबरा हुतोय माझा पत्र्याखाली."

"माणसाचं अंग घाम येऊन सावरतंय. अळीचं तसं न्हाय. हवा तापली की तीबी तेवढीच तापती. समद्या जातील."

"माझाबी घाम आटलाय रं आता. तुझ्या अळीसारखीच तापती मी."

दार लागलं. ती तिथंच भिंतीला टेकून बसली. दाराखालच्या फटीतून पायाला गारवा लागत होता, तेवढंच सुख. जरा वेळानं मानसिंगनं आतून फटीत पोतं कोंबलं. गार हवा वाया जात होती म्हणे.

कुशाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, खोलीतून मिसरीची डबी आणली आणि पुन्हा तिथंच बसून बोट भरून दातांना लावली. शेजारी ओल्या फडक्यावर अळ्यांच्या दुपारच्या खाण्याचा तुतीचा पाला पडला होता. काळ्या बोटाकडं आणि त्या पाल्याकडं ती बराच वेळ बघत राहिली.

पाला न्यायला सून बाहेर आली. सासूचं बोट बघून वृषाली जागच्या जागी थबकली.

"ने बाई," कुशाबाई म्हणाली. "पाल्याला हात न्हाय लावला म्या."

वृषालीनं पलीकडच्या कडेचा पाला उचलला, आधी हुंगला आणि मग आत नेला.