वदादबाईंचं दुसरं कार्ड

"ते आधी उपटा," हाजी मुनझिर दारातूनच म्हणाले.

चौथ्या मजल्यावरच्या वदादबाईंच्या लॅपटॉपला कडेने बोटभर वायफाय कार्ड खोचलेलं होतं. लॅपटॉपच्या पोटात एक कार्ड असताना दुसरं कशाला, हा प्रश्न सबंध सैदा शहरात फक्त हाजींना पडला होता आणि उत्तरही त्यांनीच काढून ठेवलं होतं. इमारतीत इंटरनेटची तार एकट्या त्यांच्याच घरी येत होती ना!

"पोटातल्या कार्डानं समोरच्या कॅफेतून घेते," बाई शांतपणे म्हणाल्या. "कॅफेवाला माझा विद्यार्थी. आणि दुसऱ्यानं तेच खाली..."

"दुसऱ्यानं माझं चोरता. कळतं मला."

हाजींचा जीव टांगणीला लागला होता. तासाभरात नवऱ्या मुलाचा बाप माँट्रियलहून, पडद्यावरून, त्यांच्या मुलीच्या, रहफच्या साखरपुड्याचा फातिहा, म्हणजे सोयरीक पक्की करणारी कुराणातली प्रार्थना, वाचणार होता. मागे दोनदा चित्र मध्येच गोठलं होतं. तिसऱ्यांदा गोठलं तर अपशकुन समजू आणि दुसरं घर बघू, असं त्याने स्वच्छ कळवलं होतं.

हाजींनी कार्डाकडे हात नेला. मागून धावत आलेल्या रहफने तो धरला. "बाबा, बाईंनी मला शिकवलंय. आजच्या दिवशी तरी नको."

"फातिहा होऊ द्या, हाजी," बाई म्हणाल्या. "मग मीच काढते."

खाली राउटरवर हाजींच्या बायकोने, इंतिसारने, दृष्ट लागू नये म्हणून भरतकामाचा जाड रुमाल घालून निळा मणी लटकवला होता. फोन रहफनेच जोडला.

चित्र एकदाही अडखळलं नाही. शेवटच्या 'आमीन'ला बायकांनी असा गजर केला की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. हाजींचे डोळे भरून आले. "लाईन कुणाची आहे!" असं ते दिसेल त्याला सांगत सुटले.

मग साखरेच्या बदामांची बशी घेऊन ते ऐटीत वर चढले. "पाहिलंत ना बाई? तुम्ही एवढं ओढूनसुद्धा."

"मुबारक, हाजी," म्हणत बाईंनी एक बदाम तोंडात टाकला आणि कबूल केल्याप्रमाणे कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

खालून कालवा झाला. व्याही बोलता बोलता गोठले होते. हाजी धावत उतरले, तर दारात खांद्यावर तारेचं भेंडोळं घेतलेला लाईनमन उभा.

"माफ करा, हाजी. सोमवारी ट्रकनं तुमची तार तोडली, ती जोडायला आज वेळ मिळाला. चार दिवस नेटवाचून फार हाल झाले असतील तुमचे."