आठ वर्षांचा दाखला

अकोल्याच्या पेन्शन कार्यालयात साहेबांसमोर एकच खुर्ची होती. तिच्यावर खुशालराव बसले, दुर्गाबाई नवऱ्यामागे उभ्या राहिल्या. “दालमिलमध्ये आठ वर्षं, मग अकरा मस्कतला, परतून पुन्हा दालमिलमध्ये दोन,” साहेब म्हणाले. “मस्कतची इथं धरत नाही. पेन्शनले दहा लागतात. जाताना आठ वर्षांचे पैसे काढले असतील ना?” दुर्गाबाईंनी पिशवीतून, पैसे न काढता घेतलेला आठ वर्षांच्या नोकरीचा दाखला काढला. मस्कतला जाताना खुशालराव पैसे काढायलाच निघाले होते, पण संत्र्याच्या बागेत वाढलेली बायको आडवी आली होती: “पानी तोडलं म्हणून संत्र्याचं झाड मरते काय? पुन्हा देल्लं की बहरते. राहू द्या!” साहेबांनी दाखला वाचला. “आठ अन् दोन दहा. लागली पेन्शन! डोकं कोणाचं हे?” मस्कतमध्ये अकरा वर्षं ही शक्कल स्वतःचीच म्हणून मिरवणारे खुशालराव उठले आणि त्यांनी बायकोला आपल्या खुर्चीवर बसवलं.