बांगड्यांआडचा पट्टा

नर्सताईने औषधांचं कपाट उघडून दाखवलं. "आकडीचं इंजेक्शन नाही, आजी. मनगटावरचे पट्टे जे आजार सांगतात, त्यांचीच औषधं यंत्र गावाला पाठवतं. तुमच्या गावात आकडीचा एकही पेशंट नाही."

बाकावर धोंडाबाईच्या नातीची, शेवंताची, आकडी थांबत नव्हती. तिचा पट्टा धोंडाबाईच्याच मनगटावर होता, स्वतःच्या पट्ट्याशेजारी, बांगड्यांआड. "यंत्राला कळलं की गावाला कळेल. मग पोरीला कोण करून घेईल?" असं सुनेला सुनावून तिनेच तो वर्षभर वागवला होता.

तालुक्याहून औषध येईपर्यंत शेवंता गेली.

तेराव्याला बायका जमल्या, तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "माझ्या नातीला आकडी यायची. मी लपवली. आता तुमच्या बांगड्या मागे सारा बघू."

मग शेजारच्या रखमाने बांगड्या मागे सारल्या. तिच्या हातात दोन पट्टे होते.