त्या नावाचे पाच

धाकट्या भावाने बाळाला घराण्यातलं एक जुनं नाव ठेवायचं ठरवलं, तेव्हा ते कुणाचं हे शोधायला बाळाची आत्या दप्तरखान्यात गेली. जनगणनेच्या पाच याद्यांत ते नाव पाचदा सापडलं; कोण कुणाचा, काही उमगेना. “तुमच्याकडे नावांचा दुष्काळ होता का हो, बाई?” कारकून हसला. आत्याही हसली. पाचही जण तीन-चार वर्षांचे होते. मोठेपणी तरी वेगळे ओळखू येतील, म्हणून तिने डोईपट्टीच्या वह्या उघडल्या. त्यांत घरातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाचा कर लिहिलेला होता. त्या नावाचा मात्र एकही नव्हता. पाचांतलं कुणी मोठं झालंच नव्हतं. तिने धावत बाहेर येऊन फोन लावला. “अरे, ते नाव नको, दुसरं काहीही ठेव.” “ताई, झालं ठेवून,” भाऊ कौतुकाने म्हणाला, “आठ दिवसांचं पोर, पण त्या नावाला चक्क ओ देतंय!”