मानेमागचे केस

टकल्या गृहस्थांच्या मानेमागचे केस मी भिंगातून तपासले. “केसरोपण जमणार नाही. पुढे लावायला मागे केस हवेत. दोनदा काढून तिथंही माळरान झालंय.” “ते ठाऊक आहे, डॉक्टर. म्हणून तर हिला आणलंय.” शेजारी बायको मान खाली घालून बसली होती. “दुसऱ्याचे केस शरीर स्वीकारत नाही,” मी म्हणालो. “अहो, बारा वर्षं संसार केलाय, ही परकी कशी?” त्यांनी तिचा स्कार्फ ओढला. डोक्याचा मागचा भाग वस्तऱ्याने भादरलेला होता. दोन ठिकाणी रक्त सुकलं होतं. “ऑपरेशनआधी भादरावं लागतं ना, म्हणून सकाळी मीच उरकलं.” मी पुन्हा नाही म्हणालो. “मग उगाच गेले गं तुझे,” दूध नासल्याच्या सुरात ते म्हणाले. मी त्यांच्या फॉर्मवर ‘अपात्र’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात मात्र ‘मागेही टक्कल’ एवढंच लिहायची सोय होती.